जुन्या रांगेतील नवी इमारत : अलंकार आणि अन्वय

जुन्या वस्तीत नवी इमारत उभी राहिली की तिच्यासंबंधीची चर्चा बहुधा दर्शनी अलंकारापाशीच थांबते. महिरपी आहेत काय, लाकूडकामाचा भास साधला आहे काय, रंग मिळताजुळता आहे काय, असे प्रश्न विचारले जातात. हे प्रश्न गैर नव्हेत. परंतु ते शब्दसंग्रहाचे प्रश्न होत. रस्ता शब्दांच्या यादीने सिद्ध होत नाही. तो अन्वयाने सिद्ध होतो.

पुण्याच्या कसबा, शनिवार, सदाशिव या पेठांतील वाड्यांची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. वाडा रस्त्याच्या कडेला भिडून आणि शेजारच्या वाड्याला लागून उभा असे. खाली दगडी जोते, ओटा व दिंडीचा दरवाजा. वर सज्जा आणि खिडक्या. मोकळी जागा मात्र आत, चौकात. विश्रामबागवाड्याचा कोरीव सज्जा आणि एखाद्या सामान्य वाड्याची साधी फळी यांत अलंकाराचे अंतर फार मोठे होते. तरी दोहोंचे रस्त्याशी असलेले नाते एकच होते.

हे नाते तुटण्याची कारणे सौंदर्यदृष्टीच्या ऱ्हासात शोधणे योग्य नव्हे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि मालकांना दुरुस्ती परवडेनाशी झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरे पाडली. पुढे वाहने वाढली. आज नवी इमारत रस्तारुंदीच्या रेषेमागे सरकते आणि तिचा तळमजला वाहनांसाठी उघड्या खांबांवर सोडला जातो. जेथे ओट्यावर कोणी बसलेले असे, तेथे दुचाकींची रांग लागते. शेजारच्या वाड्याची, कधी दिसावयाची नव्हती अशी कडेची भिंत उघडी पडते. अशा इमारतीच्या चौथ्या मजल्यावर सिमेंटची महिरप बसविल्याने काहीच साधत नाही. परक्या अन्वयात घातलेले ते देशी शब्द होत.

याउलट ‘टेबल’ हा शब्द पाहावा. त्याने आपले परके रूप लपविले नाही. पण ‘टेबलावर’, ‘टेबलाखाली’ असे सामान्यरूप स्वीकारले आणि तो मराठी वाक्यात सहज रुळला. इमारतीच्या बाबतीतही हे घडू शकते. व्हिएन्नातील मिखाएलरप्लाट्झ या चौकात, राजवाड्यासमोर आडोल्फ लोस यांनी उभारलेल्या इमारतीच्या वरच्या भिंती निरलंकृत होत्या, म्हणून १९१० साली मोठा वाद माजला. अखेर खिडक्यांखाली फुलपेट्या बसविण्याची तडजोड झाली. परंतु त्या इमारतीने चौकाची कड राखली होती आणि तिच्या तळमजल्याचे संगमरवरी स्तंभ येणाऱ्याजाणाऱ्याला सामोरे जात होते. आज ती त्या चौकाचेच भूषण मानली जाते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. अनेक वाड्यांतील खोल्या अंधाऱ्या आणि शौचकूप सामाईक होते. रस्त्याच्या शोभेसाठी भाडेकरूंनी तेथेच राहावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. उजेड, पाणी, उद्वाहक या गरजा खऱ्या आहेत आणि वाहनांनाही जागा हवीच. पण या गरजांतून रस्त्याकडील संपूर्ण तळमजला निर्जन ठेवणे अपरिहार्य ठरत नाही. भूखंड पुरेसा खोल असेल तेथे वाहने मागे नेऊन पुढे दुकान, प्रवेशद्वार आणि बसण्याजोगी पायरी ठेवता येते. जेथे रुंदीकरण दीर्घकाळ रखडले आहे तेथे रस्त्याची जुनी रेषाच नियमाने मान्य करता येते.

म्हणून परवानगी देताना दर्शनी भागाचे चित्र तपासण्याआधी तळमजल्याचा नकाशा तपासला पाहिजे. महिरप नंतरही बसविता येते. गेलेला ओटा मात्र परत येत नाही.