‘पुरानूतन’ : एका संज्ञेची चिकित्सा

हसनाबाद (जि. जालना) परिसरातील काळा पाषाण दख्खनच्या बेसाल्टचा आहे. त्याचे मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस व पॅलिओसीन यांच्या संधिकाळात झाले. पॅलिओसीनला मराठी परिभाषेत ‘पुरानूतन’ म्हणतात. इतके प्राचीन ते नूतन कसे, हा विद्यार्थ्याचा प्रश्न रास्तच होय. लायेल यांनी १८३३ मध्ये शिंपल्यांच्या जीवाश्मांतील हयात जातींच्या प्रमाणावरून ‘इओसीन’ हे नाव योजले. ‘इओस’ म्हणजे उषा, ‘कायनोस’ म्हणजे नूतन. शिंपर यांनी १८७४ मध्ये वनस्पतींच्या जीवाश्मांवरून त्यापूर्वीचा ‘पॅलिओसीन’ वेगळा केला. म्हणजेच हे नूतनत्व खडकाचे नसून जीवसृष्टीचे आहे. ‘पुरानूतन’ ते जपते. मात्र इओसीनच्या ‘आदिनूतन’ या पर्यायात ‘इओस’ची सगोत्र ‘उषा’ लोपते. म्हणून संज्ञेसोबत तिची व्युत्पत्तीही शिकविणे अगत्याचे ठरते.