सनसनाटी नेमकी कुठे होती? किशोरमासिकांची एक उलटतपासणी

जुन्या मासिकांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "आमच्या वेळची मासिकं संस्कार करायची, नंतरची नुसती सनसनाटी." वाक्य ऐकायला बरं वाटतं. पण जुने अंक समोर घेऊन बसलं की ते तसंच्या तसं टिकत नाही.

'चांदोबा'च घ्या. मद्रासहून १९५२ पासून मराठीत येणारं हे मासिक आपण सात्त्विक म्हणून आठवतो. त्यातलं सर्वांत गाजलेलं चित्र कोणतं? शंकर यांनी काढलेलं: स्मशान, हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला राजा विक्रम. दासरी सुब्रह्मण्यम यांच्या क्रमशः कथांतही राक्षस, मांत्रिक यांना तोटा नव्हता. आज असलं चित्र एखाद्या नव्या मासिकावर छापलं तर आपणच नाकं मुरडू.

मग फरक कशात आहे? वेताळाची गोष्ट शेवटी एका प्रश्नावर येते. दोष कुणाचा, मोठेपण कुणाचं? उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. राजाचं उत्तर वाचण्याआधी वाचणारं पोर स्वतःचा निकाल देऊन मोकळं झालेलं असतं. थरार होता, पण त्याला काम नेमून दिलेलं होतं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणेही तसाच. संकट खरं, पण सुटका स्वतःच्या डोक्याने.

आपल्या सुरतेचं उदाहरण तर याहून वेगळं. इथल्या 'गांडीव' पाक्षिकात हरिप्रसाद व्यासांचा बकोर पटेल १९३६ ते १९५५ अशी जवळजवळ वीस वर्षं चालला. नायक बोकड, बायको शकरी पटलाणी, वकील वाघजीभाई, डॉक्टर उंटडिया. ना खून, ना भूत. मध्यमवर्गीय घरातली फजिती, एवढंच भांडवल. तरीही पुढच्या अंकाची वाट पाहिली जायची. म्हणजे सनसनाटीशिवाय मुलं वाचत नाहीत, हा युक्तिवाद निदान या गावात तरी करू नये.

बदल झाला तो वेगात आणि मुखपृष्ठात. १९६४ ला सुरू झालेलं 'इंद्रजाल कॉमिक्स' मराठीतही यायचं. ते आधी मासिक, मग पाक्षिक आणि पुढे साप्ताहिक झालं. दर आठवड्याला ग्राहक हवा, म्हणून दर आठवड्याला मुखपृष्ठावर झुंज हवी. तरी तिथे संपादकाचा हात होता. वाचकांना खटकू नये म्हणून मूळच्या 'बंगाला'चं 'डेंकाली' केलं गेलं. १९९० ला ते बंद पडलं. 'चांदोबा'ही २००७ मध्ये नव्या मालकांकडे गेला, रंगरूप 'आधुनिक' झालं, चालू काळातले विषय आले आणि २०१३ च्या सुमारास छपाई थांबली. तिथे सनसनाटीने मासिक मेलं असं म्हणता येत नाही. उलट, जी गोष्ट ते सर्वांत चांगली करत होतं, तिच्यावरचा विश्वासच ढळलेला दिसतो.

'किशोर'ची गोष्ट निराळी. बालभारतीने १४ नोव्हेंबर १९७१ रोजी ते सुरू केलं, वसंत शिरवाडकर पहिले संपादक. सरकारी संस्थेचं असल्याने त्याला बाजाराच्या तालावर नाचावं लागलं नाही आणि दर्जाही राहिला. पण इथे एक टीका केलीच पाहिजे. नाव 'किशोर', तरी पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या मनात जे खरं चालू असतं, म्हणजे शरीर, आकर्षण, घरातली भांडणं, नापासाची भीती, त्याला आपल्या मासिकांनी जेमतेमच जागा दिली. र. धों. कर्वे यांना प्रौढांसाठीच्या 'समाजस्वास्थ्या'पायी खटले झेलावे लागले. तेव्हा मुलांच्या संपादकाने हात आखडता घेतला, यात नवल नाही. मात्र ती रिकामी जागा रिकामी राहत नाही. सिनेमासिकं, रहस्यकथा आणि आता मोबाइल, सगळे तिथेच शिरले. सनसनाटीचा दोष बाजाराला देताना, चांगल्या संपादकांनी मोकळी सोडलेली पानंही हिशेबात धरायला हवीत.

हे सगळं नीट तपासायचं तर पुरावा लागतो, आणि तोच निसटतोय. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने संगणकावर वाचायला ठेवले आहेत, ही मोठी सोय. पण बाकीच्या मासिकांचं काय? ग्रंथालयांत वर्षाचे अंक एकत्र बांधताना बऱ्याचदा मुखपृष्ठं आणि जाहिरातीची पानं काढून टाकली जातात. गोष्टी उरतात, पण त्या कुणाला, कशा विकल्या गेल्या हे उरत नाही. आणि सनसनाटी तर तिथेच असते!

म्हणून उधना, लिंबायत, डिंडोलीकडच्या मराठी घरांना आणि जुन्या सुरतेतल्या गुजराती घरांनाही एकच सांगणं. माळ्यावर सुटे अंक असतील, फाटके का असेनात, तर रद्दीत देऊ नका. मुखपृष्ठासकट, जाहिरातींसकट, किमतीच्या आकड्यासकट त्यांचे फोटो काढून ठेवा. 'आमच्या वेळी' हा शब्द वापरायचा असेल, तर आधी आमच्या वेळचं मुखपृष्ठ दाखवता आलं पाहिजे.