रेणुसंग्रहातून प्रथिनांची निवड : निकषाच्या प्रश्नाची चिकित्सा

प्रस्तावना

उपयुक्त प्रथिने मिळविण्यासाठी लक्षावधी ते अब्जावधी भिन्न रेणूंचा संग्रह तयार करावयाचा आणि त्यातून इष्ट रेणू वेचून काढावयाचे, ही कार्यपद्धती आता जैवतंत्रज्ञानात स्थिरावली आहे. २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक फ्रान्सेस अर्नोल्ड, जॉर्ज स्मिथ व ग्रेगरी विंटर यांना याच क्षेत्रातील कार्यासाठी मिळाले. या पद्धतींचे वर्णन ‘परीक्षानळीतील उत्क्रांती’ असे केले जाते आणि संग्रह जितका मोठा तितके यश अधिक, असे त्यासोबत गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

पद्धतींचे स्वरूप

या पद्धतींचा गाभा एकच आहे : प्रथिन आणि त्याची जनुकीय माहिती एकमेकांपासून विलग होऊ द्यावयाची नाही. स्मिथ यांनी १९८५ मध्ये तंतुमय फाज विषाणूच्या आवरण-प्रथिनाला परका प्रथिनखंड जोडून हे साधले. १९९० मध्ये विंटर यांच्या गटाने त्याच मार्गाने प्रतिपिंडांचे खंड फाजवर आणले. मात्र फाजसंग्रहातील डीएनए जिवाणूंच्या पेशींत शिरवावा लागत असल्याने संग्रहाच्या आकाराला मर्यादा पडते. रॉबर्ट्स व शोस्टाक यांनी १९९७ मध्ये प्युरोमायसिनच्या साहाय्याने प्रथिन थेट आपल्याच संदेशवाहक आरएनएशी जोडले. पेशीची गरज संपली आणि संग्रह लाख कोटींच्या घरात गेला.

आकार आणि निकष

या वाढीव आकाराने काय साधले, हे कीफ व शोस्टाक यांच्या २००१ च्या प्रयोगावरून तपासता येते. त्यांनी ८० अमिनो आम्लांचा यादृच्छिक भाग असलेल्या सुमारे ६ लाख कोटी प्रथिनांमधून एटीपीला बांधणारी प्रथिने शोधली. चार स्वतंत्र कुळे हाती लागली. एवढ्या विरळ गुणधर्माचा शोध लहान संग्रहात लागणे कठीण होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या मालिकेतील प्रथिनाला स्थिर व विद्राव्य राहण्यासाठी भरपूर एटीपीचा आधार लागत असे. २००४ मध्ये शापू व शोस्टाक यांनी घडी मोडणाऱ्या रसायनाच्या उपस्थितीत पुन्हा निवड केली, तेव्हा अधिक स्थिर रूपे मिळाली. पहिल्या निवडीने केवळ बंधनाची कसोटी लावली होती, म्हणून बंधनच मिळाले. स्थैर्य वेगळे मागावे लागले.

याउलट, अर्नोल्ड यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सबटिलिसिनवरील कार्यात संग्रह तुलनेने लहान होते. परंतु डायमिथिलफॉर्मामाइड या सेंद्रिय द्रावकात दुधातील केसिनचे विघटन करणे, हीच कसोटी होती. म्हणजे ज्या परिस्थितीत विकर वापरावयाचे तिचाच निकष निवडीत उतरला आणि कार्यक्षमता २५६ पटींनी वाढली. अर्थात, अर्नोल्ड यांचा आरंभ मुळात कार्यक्षम विकरापासून झाला आणि शोस्टाक यांचा यादृच्छिक क्रमांपासून. त्यामुळे ही तुलना मर्यादित अर्थानेच घ्यावयास हवी.

अनभिप्रेत निवड

निकष संशोधकाने ठरविलेला एकच असतो, हाही समज तपासून पाहावा लागतो. सात अमिनो आम्लांचे सुमारे १२८ कोटी क्रम संभवतात. त्यांच्या फाजसंग्रहांतील एक विशिष्ट क्रम परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक लक्ष्यांसाठी ‘निवडला’ जात असल्याचे आढळले. त्या क्रमाच्या फाजची वाढ जलद होते आणि याचे कारण त्याच्या नियामक भागातील एका उत्परिवर्तनात आहे, असे २००८ मध्ये दाखविण्यात आले. प्रदर्शित पेप्टाइडाचा त्यात वाटा नव्हता. प्लास्टिकच्या पृष्ठभागाला किंवा स्ट्रेप्टाव्हिडिनला चिकटणारे क्रमही असेच पुढे येतात. प्रत्येक फेरीत बंधनाबरोबर वाढीचीही स्पर्धा चालते आणि ती नोंदवहीत लिहिलेली नसते.

फाजतंत्रातून आलेले आणि २००२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले अ‍ॅडॅलिमुमॅब हे पद्धतीच्या सामर्थ्याचे ठळक उदाहरण होय. तरीही हा संपूर्ण मानवी क्रमाचा प्रतिपिंड काही रुग्णांत प्रतिपिंडविरोधी प्रतिसाद निर्माण करतो. लक्ष्याशी बंधन ही कसोटी शरीराच्या स्वीकाराची हमी देत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, संग्रहाचा आकार शक्यतांची व्याप्ती ठरवितो, परंतु त्यातून काय हाती येईल हे निकष ठरवितो. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत असे प्रकल्प हाती घेताना तीन गोष्टी अनिवार्य मानाव्यात : लक्ष्य रेणू वगळून समांतर निवड करणे, निवडीविना केवळ वाढ करून संग्रहातील बदल पाहणे आणि मिळालेले प्रथिन फाजपासून स्वतंत्रपणे तपासणे. या नियंत्रणांविना वारंवार आढळलेला क्रम हा निष्कर्ष ठरत नाही. तो तपासावयाचा एक दावा एवढेच त्याचे स्थान असते. मार्गदर्शकांनी प्रबंधात या नोंदींचा आग्रह धरल्यास विद्यार्थ्यांचे परिश्रम खऱ्या उत्तराच्या दिशेने वळतील.