सेनापतींचे आत्मचरित्र : अयूब खान यांचे ‘फ्रेंड्स, नॉट मास्टर्स’

कराचीहून आलेल्या आपल्या काही वडीलधाऱ्यांच्या तोंडून अयूब खानांची स्तुती आम्ही ऐकली आहे. शिस्त होती, बाजारात दर ठरलेले होते, असे ते म्हणत. म्हणून १९६७ साली निघालेले त्यांचे हे इंग्रजी राजकीय आत्मचरित्र आम्ही पुन्हा मुद्दाम वाचले.

भाषा साधी, वाक्ये छोटी. रेहाना गावातले बालपण, अलीगढ, सँडहर्स्ट, हे सारे गोडीने वाचवते. १९६० चा सिंधू पाणीवाटपाचा करार हेही त्यांचे मोठे काम, ते नाकारता येणार नाही.

पण पुस्तकाचा मूळ दावा असा, की पुढारी नालायक निघाले म्हणून लष्कराला नाइलाजाने यावे लागले. अकरा वर्षांत सात पंतप्रधान झाले, हे खरेच. मात्र ४ ऑक्टोबर १९५४ च्या रात्री लंडनच्या डॉर्चेस्टर हॉटेलात लेखकाने देशाच्या राज्यकारभाराचा आराखडा लिहून काढला. तो त्यांनी स्वतःच अभिमानाने पुस्तकात छापला आहे! पश्चिमेचे प्रांत एक करा, लोकशाही द्या ती लोकांना झेपेल तेवढीच. त्याच टिपणात बंगाली माणसाविषयी, पिढ्यान्‌पिढ्या दबलेला म्हणून संशयी, अशा अर्थाचे लिहिले आहे. त्याच महिन्यात हे सेनापती गणवेशासह संरक्षणमंत्री झाले. लष्कराची सत्ता आली १९५८ च्या ऑक्टोबरात, आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक ठरली होती १९५९ च्या आरंभी. चार वर्षे आधी आराखडा तयार असेल, तर त्याला नाइलाज कसा म्हणायचा? विद्यार्थ्याने उत्तर आधी लिहून मग गणित मांडावे, तसे हे झाले.

आपल्या इस्राएलातही सेनापती पंतप्रधान झाले. राबिन, बराक, शारोन. पण ते गणवेश उतरवून, पक्षात शिरून, मते मागून आले. बराक २००१ मध्ये हरले तेव्हा मुकाट्याने पायउतार झाले. अयूब खानांनी मतदारच ऐंशी हजार ठेवले, आणि १९६५ साली फातिमा जिना यांच्यासारख्या वृद्ध बाईंना त्या मोजक्या मतदारांपुढे हरवले. विजयाचे वर्णन वाचताना आम्हांला तरी आनंद झाला नाही.

पुस्तक जिथे थांबते त्याच्या पुढची गोष्ट वाचकाने जोडून घ्यावी. मार्च १९६९ पर्यंत जनता रस्त्यावर आलेली होती. अयूब खानांनी स्वतः दिलेल्या १९६२ च्या घटनेप्रमाणे राज्य सभापतींकडे जायचे होते, आणि ते होते पूर्व पाकिस्तानचे. त्यांनी ते दिले सेनापती याह्याखानांना. पावणेतीन वर्षांत पूर्व पाकिस्तान राहिला नाही.

डोळ्यांमुळे ज्यांना सगळे पुस्तक वाचणे जमणार नाही, त्यांनी नातवंडांकडून ते १९५४ चे टिपण तेवढे वाचून घ्यावे. पाच-सहा पानांचेच आहे.