शास्त्रज्ञाचे चित्र आणि आपली मुले

शाळकरी मुलास शास्त्रज्ञाचे चित्र काढावयास सांगावे. बहुधा पांढरा झगा, चष्मा, विस्कटलेले केस आणि हातात वाफाळणारी काचनळी असा एक वयस्क पुरुष कागदावर अवतरतो. अमेरिकेत मार्गारेट मीड व रोडा मेट्रो या विदुषींनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हायस्कुलातील मुलांच्या निबंधांतून हेच चित्र शब्दरूपाने सापडले. मुले शास्त्रज्ञाचा गौरव करीत होती. स्वतः त्याच्यासारखे व्हावे असे मात्र फारशा कोणास वाटत नव्हते. डेव्हिड चेंबर्स यांच्या १९८३ च्या पाहणीत ४,८०७ मुलांची चित्रे होती. त्यांत स्त्री-शास्त्रज्ञ अवघ्या २८, आणि त्याही सर्व मुलींनीच काढलेल्या.

हे परक्यांचे खूळ आहे असे समजून आपण निश्चिंत राहू नये. आपल्याकडे विक्षिप्त शास्त्रज्ञाच्या जोडीला आणखी एक मूर्ती आहे, ती ऋषीची. शास्त्रज्ञ म्हणजे आधुनिक तपस्वी, संसारातून उठलेला, समाधीत गढलेला, हे वाक्य आपल्या सत्कारसमारंभांत इतक्या वेळा कानी पडते की त्याचा अर्थच झिजून गेला आहे. माझ्या मते पहिल्या चित्रापेक्षा हे दुसरे अधिक घातक होय. वेड्याला मुले निदान हसतात. ऋषीला ती दुरून नमस्कार करतात आणि आपल्या वाटेने जातात. ज्याची पूजा केली त्याच्या शेजारी बसून काम करण्याची छाती कोणास होणार?

मराठी वाचकापुढे या दोन्ही मूर्तींना छेद देणारा लेखक होता, तो म्हणजे जयंत नारळीकर (१९३८–२०२५). १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपलीच आद्याक्षरे उलटी करून. परीक्षकांवर नावाचे दडपण येऊ नये, हा हेतू. वकिली व्यवसायातील माणसास ही गोष्ट विशेष भावते: साक्षीदार कोण हे पाहून साक्षीचे मोल ठरवू नये, हे आम्ही न्यायालयात बोलतो, पाळतो किती ते न विचारणे बरे. कथेस पहिले बक्षीस मिळाले.

त्यांच्या कथांतील पात्रे मला पुष्कळदा पोकळ वाटतात. ती एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांस व्याख्यान देतात. स्त्रियांना तर तेथे जागा थोडीच. परंतु 'उजव्या सोंडेचा गणपती' वाचताना टीकाकार मागे हटतो. डाव्याउजव्याची अदलाबदल हा भूमितीचा गहन प्रश्न, आणि तो आमच्या देवघरातल्या मूर्तीच्या सोंडेवरून उलगडावा! जी गोष्ट आपण केवळ कडक सोवळ्याशी जोडीत आलो, तिच्याकडे लेखक कुतूहलाने पाहावयास लावतो, आणि श्रद्धेची कोठे टवाळीही करीत नाही.

तरी त्यांचे खरे कार्य कथांपेक्षा 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रात झाले आहे असे मी म्हणेन. २०१४ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बनारसच्या घरात मुलांसाठी फळा होता. मोरूमामा त्यावर गणिताचे कोडे लिहून ठेवीत, आणि भाच्याने ते सोडवीपर्यंत ते पुसले जात नसे. येथे तप नाही, साक्षात्कार नाही. एक घर आहे, एक खोडकर मामा आहे, आणि हट्टाने पेटलेला मुलगा आहे. पुढे स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांस नारळीकर सांगत की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. दर्शनास आलेल्यास त्यांनी असे प्रश्न विचारण्याच्या कामास लावले.

मुलींची कथा निराळी. कमला भागवत, पुढे सोहोनी, या दुर्गाबाईंच्या भगिनी. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या तेथे जाऊन अडून बसल्या, आणि पहिले वर्ष कसोटीचे अशा अटीवर आत गेल्या. १९३९ साली केंब्रिजची पीएच्.डी. घेणाऱ्या या बाईंचे नाव आपल्या मुलींस ठाऊक नसते. मादाम क्यूरींचे असते. रामनांसारख्या थोर संशोधकाच्या मनातही तेच शाळकरी चित्र असावे, याचा विषाद वाटतो.

आमच्या सुरतेस तर असे चित्र शोभतच नाही. १८४४ साली दुर्गाराम मेहताजींनी येथे मानवधर्म सभा स्थापिली, तेव्हा त्यांच्या बरोबरीस मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग होते. दादोबा त्या वेळी सुरतेत शिक्षक होते. मांत्रिकांना भर सभेत आव्हान देऊन, मंत्राचा प्रभाव करून दाखवा असे ही मंडळी सांगत. पुरावा मागणे हे विज्ञानाचे अर्धे अंग, ते या शहरात तेव्हाच रुजू लागले होते. आणि त्यासाठी कोणी पांढरा झगा घातला नव्हता.

आज उधना, लिंबायत, पांडेसरा येथील खानदेशी मराठी घरांतून डाइंग मिलमध्ये जाणारा बाप सुमारे १३० अंश उष्णतेवर, दाबाखाली, पॉलिएस्टरवर रंग बसवितो. उष्णता थोडी चुकली की छटा बिघडते, हे त्याला पुस्तकाविना ठाऊक असते. हिऱ्याच्या कारखान्यांत मिथेन व हायड्रोजन वायूंच्या तप्त झोतात, बीज म्हणून ठेवलेल्या पातळ चकतीवर कार्बनाचे थर चढवून हिरा वाढविला जातो. घंटीवर हिरे घासणाऱ्याच्या मुलाने शाळेत कार्बनाचा धडा पाठ केला, परीक्षेत गुण मिळविले आणि समाजाच्या गुणगौरवात नारळही घेतला. परंतु धड्यातला तो कार्बन आपल्या बापाच्या बोटांना रोज लागतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. चित्र काढावयास सांगितले, तर बापाच्या हातातले भिंग तो शास्त्रज्ञाच्या हाती देणार नाही. काचनळीच काढील.