जॉबरला मैत्री कशी द्यायची?



तिसऱ्या पाळीला रिंगखात्यात जॉबरनं मला एक शब्द ऐकवला. कुठला ते लिहीत नाही, तुम्हीही तो ऐकलेला आहे. त्या रात्री धागे तुटत होते आणि माझा हात जोडायला जात नव्हता. घरी आलो तर झोप नाही. तीन दिवस असेच गेले.

रविवारी विहारात मैत्रीभावनेचं ध्यान होतं. डोळे मिटा, आधी स्वतःचं भलं चिंता, मग मित्राचं, मग तिऱ्हाइताचं, मग शत्रूचं. शत्रू म्हटल्याबरोबर जॉबर उभा राहिला आणि माझ्या मुठी वळल्या. बाहेर टपरीवर एक कार्यकर्ता मित्र म्हणाला, "राग हेच आपलं भांडवल. तो थंड करायचं काम आधी भटजी करायचे, आता आपलेच लोक करतात." मला पटलं. त्याच सुरात एक झणझणीत लेख लिहायचा म्हणून बसलोही. मग वाटलं, शिव्या द्यायच्या तर मूळ ग्रंथ वाचून द्याव्यात.

मूळ म्हणजे 'विसुद्धिमग्ग'. पाचव्या शतकात बुद्धघोषानं तो सिंहलात, अनुराधपूरच्या महाविहारात लिहिला. त्याची देवनागरी प्रत धर्मानंद कोसंबींनी सिद्ध केली, ती मुंबईत १९४० साली छापली गेली. याच कोसंबींनी १९३०च्या दशकात परळला, गिरणी कामगारांच्या वस्तीत, 'बहुजन विहार' काढला होता. हे कळलं आणि जाडजूड पुस्तक जरा जवळचं वाटलं. पाली मला येत नाही. भिक्षु धर्मरक्षितांचा हिंदी अनुवाद घेऊन अडखळत नववा परिच्छेद वाचला. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे चार ब्रह्मविहार त्यात आहेत.

पहिलाच धक्का असा की शत्रूपासून सुरुवात करू नका असं बुद्धघोष बजावून सांगतो. दमेल, जमणार नाही, म्हणतो. सुरुवात स्वतःपासून. मला सुख हवं, मला दुःखाची भीती वाटते, तसंच दुसऱ्याचंही. आमच्या विहारात वीस मिनिटांत आम्ही स्वतःपासून शत्रूपर्यंत पोचलो होतो. फास्ट लोकलच ती.

पण इथं माझी बुद्धघोषाशीही तक्रार आहे. 'स्वतः'ला तो साक्षीदारासारखा उभा करतो आणि लगेच पुढं निघतो. स्वतःचं भलं चिंतणं त्याला सोपं वाटतं. ज्याच्या आज्याला सावलीसुद्धा आवरून चालावं लागलं, त्या माणसाला 'मी सुखी होवो' म्हणताना घसा दाटतो. आपल्याला या एका पायरीवर वर्ष लागलं तरी कमीच.

शत्रूच्या पायरीवर राग येणारच हे तो धरून चालतो, हे मला आवडलं. जुन्या फिटरसारखा एकेक हत्यार काढतो. याने नाही झालं तर हे, हेही नाही तर ते. त्या माणसात काही बरं आहे का बघ. रागानं जळतंय कोण ते बघ. प्रत्येकजण आपल्या कर्माचा वारस आहे हे आठव. हे शेवटचं हत्यार मी बाजूला ठेवलं. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या (१९५७) प्रस्तावनेत कर्म आणि पुनर्जन्मावर जे प्रश्न विचारलेत ते वाचल्यावर आपल्याला ते उचलता येत नाही. कर्माच्या नावानं आपल्याला काय काय गिळायला लावलंय ते काय सांगायचं.

मग एक उपाय असा: रागावतोस ते नक्की कशावर? त्याच्या केसांवर? नखांवर? त्याच्यातल्या पृथ्वीवर, पाण्यावर? मला हसू आलं. जॉबरच्या नखावर रागावलेला मी! हसलो आणि मूठ सैल झाली, खोटं कशाला बोलू. नंतर लक्षात आलं, केस, नखं, दात, कातडी अशी सगळी यादी संपली तरी जात कुठंच सापडली नाही. त्याच्यातही नाही, माझ्यातही नाही. मग तो शब्द आला कुठून? तेवढं मात्र बुद्धघोष विचारत नाही. त्याचा हिशोब एका माणसाच्या मनाचा, खात्यातल्या व्यवस्थेचा त्यात नाही.

विहारात पुण्णाची गोष्टही सांगतात. सुनापरांताला निघालेला पुण्ण म्हणतो, लोकांनी शिव्या दिल्या तर म्हणेन बरे आहेत, हाताने तर मारत नाहीत. हाताने मारलं तर म्हणेन, दगडाने तर मारत नाहीत. सुनापरांत म्हणजे आपल्या सोपाऱ्याकडचा मुलूख असं मानतात. तिथला स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उकरला. पण ही गोष्ट आपल्या वस्तीत सांगताना जीभ जरा आवरावी. 'मारलं तर नाही ना' असं म्हणतच आपल्या पिढ्या गेल्या. पुण्ण आपल्या मर्जीनं निघाला होता, त्याला परत फिरायची मोकळीक होती. गावकुसाबाहेरच्या माणसाला कुठली मोकळीक? आणि सांगणारे शेवट गाळतात: त्याच पावसाळ्यात पुण्णानं पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका उभ्या केल्या. तो मार खायला गेला नव्हता, माणसं जोडायला गेला होता.

आता ज्या पानावर माझा झणझणीत लेख मोडला ते पान. चौघे बसलेत: तू, तुझा प्रिय माणूस, तिऱ्हाईत, आणि तुझा वैरी. दरोडेखोर येतात, बळी द्यायला एक माणूस मागतात. वैऱ्याला न्या म्हणालास तर मैत्री पुरी झाली नाही. ठीक, हे अपेक्षितच. पण 'मला न्या, त्यांना सोडा' म्हणालास तरी पुरी झाली नाही! चौघांतला एकही देण्याजोगा दिसत नाही, तेव्हा कुठं सीमा मोडल्या.

आपल्याला करुणा म्हणून आजवर 'मला न्या' एवढंच शिकवलं. पंधराशे वर्षांपूर्वीचा हा भिक्खू ते नापास करतो. माझ्या टपरीवरच्या मित्राला हे पान वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "चहा सांग."

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे जवळचा शत्रू. क्रौर्य हा करुणेचा दूरचा शत्रू, तो लांबून ओळखू येतो. शोक हा जवळचा, करुणेसारखाच दिसतो. आपल्या कविता वाचून डोळे पुसणारे सवर्ण रसिक इथं आठवले. उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हणजे अडाणी बेफिकिरी. हे मात्र आपल्यालाच लागू. 'मी ध्यान करतो, मला काही होत नाही' म्हणणारे आपल्यात वाढतायत. बाबासाहेब करुणेवर थांबू नका, मैत्रीपर्यंत जा म्हणतात, त्यांना अशी थंडगार माणसं नको असणार.

मी जॉबरविरुद्ध युनियनकडं अर्ज दिला. तीनदा लिहिला. पहिल्या दोन कागदांत नुसत्या शिव्या होत्या. तिसऱ्या वेळी आधी पंधरा मिनिटं बसलो, मग तारीख, पाळी, फ्रेमचा नंबर, तो शब्द जसाच्या तसा, आणि दोन साक्षीदारांची नावं लिहिली. जॉबरपर्यंत अजून मैत्री पोचलेली नाही. मी पहिल्या पायरीवर आहे.