‘दिवास्वप्न’ आणि आपले अंगण

गिजुभाई बधेका ह्यांच्या ‘दिवास्वप्न’ ह्या पुस्तकाचा उल्लेख बालशिक्षणाच्या चर्चेत हटकून होतो; परंतु ज्या पुस्तकाचे नाव फार घेतले जाते ते तितकेच वाचले जाते असे नाही. मूळ गुजराथीत, गेल्या शतकातील चौथ्या दशकाच्या आरंभी लिहिले गेलेले हे छोटे पुस्तक आज अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. शिक्षक ते हाती घेतात ते बहुधा काही ‘उपक्रम’ मिळतील ह्या अपेक्षेने. गोष्ट सांगावी, खेळ घ्यावा, नाटुकले बसवावे, अशी टिपणे काढून ते पुस्तक मिटतात. पाककृतीच्या वहीतून साहित्य उतरवून घ्यावे आणि विस्तवाचा विचारच करू नये, तसा हा प्रकार होतो. प्रस्तुत लेखात ह्या पुस्तकाचे खरे सामर्थ्य कोणते, उणीव कोणती आणि आपल्या घराच्या व देवळाच्या अंगणाशी त्याचा संबंध काय, एवढेच पाहावयाचे आहे.

गिजुभाईंचा जन्म १८८५ चा. ते व्यवसायाने वकील. पुत्र झाल्यावर त्याच्या संगोपनाचा विचार करता करता ते मॉन्टेसोरीबाईंच्या ग्रंथांकडे वळले आणि १९१६ मध्ये भावनगरच्या ‘दक्षिणामूर्ती’ संस्थेत दाखल झाले. तेथील बालमंदिर १९२० मध्ये सुरू झाले. मॉन्टेसोरीबाई भारतात आल्या त्या १९३९ च्या उत्तरार्धात. गिजुभाई त्याच वर्षी जून महिन्यात निवर्तले. म्हणजे त्यांनी जे केले ते ग्रंथ वाचून आणि त्याहून अधिक मुलांकडे पाहून केले. बालमंदिरातील हा अनुभव जवळ असताना त्यांनी ‘दिवास्वप्न’ लिहिले ते मात्र एका साध्या सरकारी प्राथमिक शाळेच्या चौथ्या इयत्तेविषयी. शिक्षणाधिकाऱ्याच्या परवानगीने एक प्रयोगशील शिक्षक वर्षभरासाठी हा वर्ग घेतो आणि स्वतःच आपली हकीकत सांगतो. हकीकत कल्पित आहे, आणि लेखकाने पुस्तकाच्या नावातच ते कबूल केले आहे.

ह्या हकीकतीतील सर्वांत मोलाचा भाग यशाचा नसून अपयशाचा आहे. शिक्षक मोठ्या तयारीने पहिल्या दिवशी वर्गात येतो. शांततेचा खेळ घ्यावा, मुलांची मने स्थिर करावी, असा त्याचा बेत असतो. पण मुले त्या शांततेची यथेच्छ टर उडवितात आणि खोलीत एकच गलका होतो. शिक्षक रागावत नाही, छडी शोधीत नाही. आपले गणित चुकले हे ओळखून तो मुलांस सुटी देऊन टाकतो. मुख्याध्यापकांच्या कपाळास आठ्या पडतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सुरू करतो आणि काल न आवरणारी तीच मुले जागची हलत नाहीत.

वाचणारा ह्यातून ‘गोष्ट सांगावी’ एवढाच बोध घेतो. माझ्या मते बोध त्याच्या आधीचा आहे. पुस्तकात वाचलेला आणि परदेशी सिद्ध झालेला एक उत्तम पाठ ह्या मुलांपुढे निष्फळ ठरला, आणि शिक्षकाने दोष मुलांच्या माथी न मारता पाठ बदलला. ही तयारी नसेल तर गोष्टसुद्धा दोन दिवसांत धडा होऊन बसेल. पुढे व्याकरण खेळातून येते, इतिहास गोष्टीतून येतो, पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे ग्रंथालय उभारण्याची कल्पना निघते. हे सर्व त्या पहिल्या दिवशीच्या कबुलीवर उभे आहे.

आपल्या वाचकांस येथे दक्षिणामूर्तीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. भावनगरच्या संस्थेने हे नाव घेतले ते शिवाच्या गुरुरूपावरून. वटवृक्षाखाली तरुण गुरू, सभोवार वृद्ध शिष्य, आणि उपदेश मौनाने, असे ते ध्यान आहे. बालशाळेत वये उलट असतात. शिष्य लहान आणि गुरू मोठा. परंतु मौन तेथेही गुरूचेच हवे. आपण नेमके येथे चुकतो. ‘गप्प बसा’ म्हणून आपण मौन मुलांवर लादतो आणि स्वतः अखंड बोलत राहतो. ‘दिवास्वप्ना’तील शिक्षक पहिल्या दिवशी मुलांकडून शांतता मागतो आणि फसतो, नंतर तो स्वतः पाहावयास व ऐकावयास शिकतो, तेव्हा वर्ग त्याचा होतो.

आता पुस्तकाच्या मर्यादा. पहिली मर्यादा अशी की, ह्या शिक्षकास जे लाभले ते फार थोड्यांस लाभते. अधिकारी अनुकूल, वर्ग एकच आणि मुदत एक वर्षाची. सहानुभूती बाळगणारा अधिकारी नसता तर हा प्रयोग पहिल्याच आठवड्यात आटोपला असता. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. पुस्तकात घर जवळजवळ नाहीच. शिक्षक पालकांची सभा बोलावतो. फारच थोडे येतात. आणि तो विषय मागे पडतो. पालक हे मुख्यतः अडथळा म्हणून दिसतात. आई मुलास काय शिकवीत असेल, आजीजवळ गोष्टींचा केवढा साठा असेल, ह्याचा शोध हे पुस्तक घेत नाही. तिसरी मर्यादा ही की, जे मूल शाळेत येतच नाही त्याचा विचार येथे होऊ शकत नाही.

ही तिसरी उणीव भरून काढण्याचे श्रेय ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) ह्यांचे. ताराबाई भावनगरास गिजुभाईंच्या सहकारी होत्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला तो ह्या दोघांच्या पुढाकाराने. १९४५ मध्ये त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून खडे, शिंपले, पाने, बिया हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. आदिवासी मुले गुरे राखावयास जात, तेव्हा शाळा कुरणात गेली. १९७५ पासून देशभर पसरलेल्या सरकारी अंगणवाड्यांच्या नावातील ‘अंगण’ आपण रोज उच्चारतो, पण त्यामागील हा विचार विसरतो. ज्या ठिकाणी मूल आहे तेथे शिक्षणाने जावे, असा तो विचार आहे.

मग आपली मुले कोठे आहेत? ती घरात आहेत आणि सणावारी देवळात आहेत. गोव्यातील चतुर्थीची माटोळीच घ्या. गणपतीच्या वर टांगलेल्या त्या लाकडी चौकटीस नारळ, सुपारीचे घड, तोरिंजन, चिबूड, आंबाडे आणि रानातील कितीतरी फळे-फुले बांधतात. निसर्गाच्या अभ्यासाचा ह्याहून सुंदर पाठ कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? परंतु बहुतेक घरांत मुलास सांगण्यात येते ते एवढेच, की ‘हात लावू नकोस.’ त्याऐवजी चतुर्थीच्या आधी त्यास बरोबर न्यावे; कोणते फळ वेलीवर लागते व कोणते झाडावर, हे त्यास पाहू द्यावे; घरी आल्यावर त्याने ती वजनाने, रंगाने, वासाने लावावी; आणि बांधताना एक दोरी त्याच्या हाती द्यावी. गाठ सैल पडेल. ती पुन्हा बांधावयास लावावी, आपण बांधून देऊ नये. तसेच माळेचे. दोन अबोलीची फुले, एक जुईचे, पुन्हा दोन अबोलीची, असा क्रम पाच वर्षांच्या मुलीने स्वतः लावला की गणिताचा पाया तेथेच घातला जातो. ‘आता किती झाली ते सांग’ असे दर चार फुलांनी विचारीत बसलो, तर मात्र माळ राहील बाजूस आणि परीक्षा सुरू होईल.

इतिहास आणि भूगोल ह्यांचेही तसेच. श्रीमंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी. पोर्तुगीजांच्या छळामुळे १५६० मध्ये भक्तांनी देवास झुआरीपलीकडे प्रियोळास नेले. ही हकीकत सन-सनावळीसह पाठ करून घेतली तर दोन मिनिटांत संपते आणि दोन दिवसांत विसरते. त्याऐवजी मुलांस वाळूत नदी काढू द्यावी, दोन्ही तीर दाखवू द्यावे, आणि विचारावे: रात्रीच्या वेळी देव न्यावयाचा असता तर तुम्ही कोणत्या वाटेने गेला असता, आणि बरोबर काय घेतले असते? ह्या प्रश्नांची उत्तरे मुले आपल्या मनाने देतील आणि नकाशा, भरती-ओहोटी, भीती आणि श्रद्धा हे सर्व एकाच वेळी त्यांच्या मनात उतरेल. मंगेशीच्या सात मजली दीपमाळेपुढे ती पुन्हा उभी राहतील तेव्हा ते स्थळ त्यांस निराळे दिसेल.

येथे आपल्याच देवस्थानांतील संस्कारवर्गांविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहिले पाहिजेत. अशा वर्गांत पाठांतर होते, ह्यास माझी हरकत नाही. स्तोत्राच्या लयीने मुलाची जीभ वळते आणि कान तयार होतो. हरकत आहे ती पाठांतराच्या स्पर्धेस. मी पाहिलेल्या एका स्पर्धेत सहा वर्षांच्या एका मुलाचे चरण मध्येच अडले आणि तो देवासमोर रडू लागला. परीक्षकांनी त्याचा एक गुण कापला. देवापुढे चुकण्याचीही भीती वाटावी, असे शिकविणारा वर्ग संस्कार कोणता करतो, ह्याचा विचार चालकांनी अवश्य करावा.

शेवटचा प्रश्न भाषेचा. गिजुभाईंचा वर्ग मुलांच्या घरच्या भाषेत चालतो, आणि म्हणूनच गोष्ट पहिल्या वाक्यास मुलांपर्यंत पोहोचते. आपल्याकडे मूल घरी कोंकणी बोलते, देवळात मराठी आरती म्हणते आणि शाळेत बहुधा इंग्रजी ऐकते. बेळगावकडे ह्यात कन्नडची भर पडते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने, शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी, अशी शिफारस केली आहे. पण धोरण शाळेच्या दारापर्यंत येते. पुढचे काम आपले. पहिली गोष्ट आईच्या भाषेत सांगावी, मग ती कोंकणी असो की मराठी. दुसरी भाषा गाण्यातून आणि आरतीतून आपोआप मागून येईल. ‘हें कितें?’ असे विचारणाऱ्या मुलास आधी उत्तर मिळावे. भाषा सुधारण्यास पुढे पुष्कळ वेळ आहे.

‘दिवास्वप्न’ आजही वाचावे ते उपक्रमांची यादी मिळावी म्हणून नव्हे. आपला पाठ फसला असे प्रांजळपणे म्हणणारा शिक्षक आपल्या वाङ्मयात विरळा आहे. त्याची भेट व्हावी म्हणून ते वाचावे. गिजुभाईंनी जे घर पुस्तकाबाहेर ठेवले ते आपल्या हाती आहे. येत्या चतुर्थीस माटोळीची एक दोरी मुलाच्या हाती देऊन पाहावी, आणि गाठ सुटली तर थोडा वेळ गप्प राहावे.